इस्लामचा आदर्श पाठ

चिंचवाडी, ता. मुळशी
१२ ऑगस्ट २०२४

नसे, भवाने,

तुझ्या धडगावच्या डोंगरात रेंज नाही, नाहीतर आज तुला फोन करून हसवून मारलं असतं. तालुक्याला आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, विविध धर्मांची ओळख पोरांना कशी करून द्यायची त्याचं. पहिल्या दिवशी सगळे धर्म उरकले आणि दुसरा अख्खा दिवस इस्लाम. सांगायला आलेला माणूस पडद्यावरचं वाचायचा, आम्ही उतरवून घ्यायचो. पाच स्तंभ आहेत म्हणे. मग गटात बसून थर्माकोलचे पाच खांब केले, त्यांना हिरवी चमकी लावली आणि वर घुमट ठेवला. आमच्या गटाचा घुमट इतका दांडगा झाला की खांबच वाकले. एका बाईंनी हात वर करून विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटल्यावर निम्म्या लोकांनी वह्या मिटल्या.

बरं झालं, हॉलमध्ये एकही मुसलमान शिक्षक नव्हता. सगळ्यांना मोकळेपणानं बोलता आलं.

शेवटी केंद्रप्रमुख साहेबांनी विचारलं, डिसेंबरच्या शिक्षण परिषदेत केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांसमोर इस्लामवर आदर्श पाठ कोण घेणार? सगळे चपला शोधायला लागले. मी हात वर केला. डी.एड.च्या होस्टेलवर दोन वर्षं तुझ्या ताटातलं खाल्लंय, माझ्याइतका अनुभव कुणाला आहे सांग! घरी अण्णासाहेबांनाही विचारलं. आमचे चुलत सासरे गं, शाळा समितीचे अध्यक्ष. ते म्हणाले, "कर की सूनबाई. आपल्या गावात कुटं भेदभाव हाय? आपला आदम मुलाणी हाय की."

तर आता तू मला सगळं लिहून पाठव. सोपं आणि गोड. थर्माकोल नको.

तुझी साधना

*

धडगाव
१ सप्टेंबर २०२४

साधे,

दोन वर्षं तू माझ्या ताटातली शेंगाची चटणी आणि बाजरीची भाकरी खाल्लीस. त्यात इस्लाम कुठं होता गं?

अगं, मी मराठी आणि गणित शिकवते. नमाजातलं पाठ आहे, पण अर्थ विचारलास तर तुमच्या त्या पडदावाल्यासारखी मीही अडखळेन. तरी विचारलंस म्हणून सांगते. अरबस्तानातून सुरू करू नको, चिंचवाडीतून कर. माझे अब्बा आमच्या गावचे मुलाणी होते. जत्रेला नवसाचं पहिलं बोकड त्यांच्याच हातचं. सुरी लावायच्या आधी ते बिस्मिल्ला म्हणायचे आणि सगळं गाव हात जोडून उभं राहायचं. मी पाण्याचा तांब्या धरायची. अब्बा म्हणायचे, जीव आपला नाही, ज्यानं दिला त्याचं नाव घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. तुमच्याकडं आदमचाचा तेच करतात. पोरांना एवढं सांगितलंस तरी पुष्कळ झालं, की आपल्या जत्रेत हे आपल्या आज्या-पणज्यांपासून आहे.

दुसरी गोष्ट नियत. माणूस काय करतो ते मनातल्या हेतूवरून तोललं जातं. हे पोरांना लगेच कळतं. मोठ्यांना वेळ लागतो.

माझं विचारशील तर काय सांगू! अल्फिया सहा वर्षांची झाली. ती मारुंजीत आजीपाशी, तिचे पप्पा कंपनीत पाळ्या करतात, आणि मी इथं सातपुड्यात दुसऱ्यांची पोरं सांभाळते. उन्हाळ्यात गेले तर शेजारणीला सांगत होती, "ह्या माझ्या आई. पाहुण्या आल्यात." मी हसले आणि मोरीत जाऊन रडले. यंदा बदल्या सुरू झाल्या की तुमचीच शाळा पहिली भरणार आहे. तुमची दुसरी जागा अजून रिकामीच आहे ना? मारुंजीहून कासारसाईवरनं गाडीवर रोज येता येईल. मला एवढंच पाहिजे गं, बाकी काही नको.

नसीम

*

चिंचवाडी
२२ डिसेंबर २०२४

नसे,

पाठ असा रंगला म्हणतेस! मागं पन्नास शिक्षक बसलेले, पुढं आमची तिसरी-चौथीची पोरं. थेट जत्रेपासूनच सुरुवात केली. "पोरांनो, जत्रेला आपण काय खातो?" "मटण!" अख्खी शाळा हादरली. मग विचारलं, कापतं कोण? कापायच्या आधी काय म्हणतं? शेवटी सगळ्यांकडून बिस्मिल्ला म्हणवून घेतलं. अण्णासाहेबांची नात धनश्री, चौथीतली, तिचा उच्चार तर इतका गोड की साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

आणि साक्षात आदमचाचांनाच बोलावलं होतं. चाचा आले ते नेहमीसारखे, धोतर आणि गांधी टोपी. म्हटलं, चाचा, असं कसं? पोरांना कळायचं कसं? मी पिरंगुटहून जाळीची टोपी आणूनच ठेवली होती. नको नको म्हणत घातली शेवटी. जरा घट्ट झाली, पण फोटोत छान आलेत. आपली गांधी टोपी तेवढा वेळ मांडीवर धरून बसले होते. बोलले काही नाहीत, लाजाळू माणूस.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, बाई, हे तुम्हाला सुचलं कसं? मी म्हटलं, साहेब, निरीक्षण. तुझं नाव घेणारच होते गं, अगदी ओठांवर आलं होतं. पण मग लोक म्हणाले असते, मुसलमान बाईनंच लिहून दिलंय, त्यात हिचं काय? पाठाचं वजनच गेलं असतं. तू समजून घेशील.

तुझी साधना

*

धडगाव
१५ जानेवारी २०२५

साधनाबाई निरीक्षणकर,

कौतुक झालं ना, मग झालं. बाप माझा, तांब्या मी धरलेला आणि निरीक्षण तुझं! चालायचंच. होस्टेलवर माझी साडी नेसून बक्षीस घेऊन आलेली तूच ना. पण पुढच्या वेळी माझं नाव घे हां. दोन शब्दांचं तर आहे.

टोपीचं मात्र मला अजिबात आवडलं नाही. माझ्या अब्बांनी जन्मभर गांधी टोपी घातली, नमाजही त्याच टोपीत पढले. तू पोरांना चाचा दाखवायला बोलावलंस आणि दुसराच कुणीतरी दाखवलास. जमलं तर त्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन ये. रागावलेत का विचारू नको, ते नाहीच म्हणतील.

बदलीचा अर्ज भरला. पहिली पसंती चिंचवाडी. आता डोळे लावून बसलेय.

नसीम

*

चिंचवाडी
२८ एप्रिल २०२५

प्रिय नसीम,

लिहायला उशीर झाला. जत्रा झाली गेल्या आठवड्यात. त्यात थोडा घोळ झाला.

मनीषचं लग्न ठरलंय, अण्णासाहेबांच्या धाकट्याचं. होणारे व्याही पुण्याहून गाड्या भरून जेवायला आले होते. पंगत बसली, रस्सा वाढला, आणि आमच्या धनश्रीनं हात जोडून, डोळे मिटून मोठ्यांदा बिस्मिल्ला म्हटलं. पाहुणीनं विचारलं, "काय गं बाळ, हे काय?" तर ती म्हणते, "आमच्या बाईंनी शिकवलंय. हे बोकड बिस्मिल्लाचंच हाय. आदमचाचा म्हणत्यात कापताना." वाढपी जागच्या जागी थांबला. व्याही ताटावरून उठले. त्यांच्यामागं सगळे उठले. गाड्या निघूनसुद्धा गेल्या.

अगं, ठाऊक सगळ्यांना होतं. अण्णासाहेब स्वतः दरवर्षी चाचांच्या शेजारी उभे असतात, कानानं ऐकतात. पण आपल्याला ठाऊक असणं वेगळं आणि व्याह्यांसमोर पोरीनं बोलणं वेगळं. कधी कुणी बोललंच नव्हतं ना. अण्णासाहेब भर मांडवात ओरडले, "आमची पंगत बाटवली कुनी? ह्ये कुनी शिकिवलं पोरास्नी?"

दुसऱ्या दिवशी चाचांकडं निरोप गेला, पुढच्या साली येऊ नका, बाहेरून माणूस आणणार आहेत. चाचा हो म्हणाले. त्यांच्या दारातल्या नळाला चार दिवस पाणी नाही, पण तो पाइपाचा बिघाड आहे असं सगळे म्हणतात. लग्न मोडलं नाही अजून, बोलणी चालू आहेत.

माझ्यावर शेकलं असतं, पण मी सांभाळलं. कसं ते विचारू नको. तू काही मनावर घेऊ नको, प्रकरण मिटल्यात जमा आहे.

साधना

*

धडगाव
२० मे २०२५

साधे, साधे, साधे!

ऑर्डर आली! जिल्हा परिषद शाळा, चिंचवाडी, तालुका मुळशी. मी तीनदा वाचली, मग इथल्या शिपायाला वाचायला लावली, मग अल्फियाच्या पप्पांना कळवायला टेकडी चढून गेले. अल्फिया माझ्याच शाळेत पहिलीला येणार. तिनं दप्तरावर खडूनं दोन नावं लिहिलीत म्हणे, एक तिचं आणि एक माझं. आजीला दम दिलाय की पुसायचं नाही.

जत्रेचं वाचलं. चाचांना पाणी कोण देतंय? माझ्यामुळं झालं का गं हे? मी लिहिलं नसतं तर तू बोलली नसतीस. आले की पहिली त्यांच्याकडं जाणार.

एक मात्र बरं आहे, तिथं तू आहेस. नवीन गाव असतं तर मी घाबरले असते.

तुझी नसू

*

चिंचवाडी
६ जून २०२५

प्रिय नसीम,

अभिनंदन. पण मी सांगते ते शांतपणे वाच. तू आत्ता हजर होऊ नकोस. गावात वातावरण बरं नाही. तू पसंती बदलून घे, आजारपणाचं दाखव, काहीही कर. पौड आहे, लवळे आहे, शाळा काय कमी आहेत? लोकांचा राग तुझ्यावर नाही, तुला तर ते ओळखतही नाहीत. पण नाव वाचलं की माणसांचं काय होतं ते तुला मी सांगायला नको.

फोन करू नकोस. घरात सगळे असतात.

साधना

*

मारुंजी
१८ जून २०२५

साधना,

पसंती बदलता येत नाही, हे तुला माहीत आहे. धडगावहून सुटले की तिथं हजर व्हायचं, दुसरा रस्ता नसतो. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय.

सोमवारी शाळा सुरू झाली, मी आले. अल्फिया माझ्यासोबत होती, नवा गणवेश घालून. गेटला कुलूप आणि गेटसमोर सत्तर-ऐंशी माणसं. मला वाटलं, नवीन पोरांचं स्वागत असेल. मी नमस्कार केला. मागून एक बाई म्हणाली, "हीच का गं ती, बिस्मिल्लावाली?"

आता मला सांग. मी त्या गावात त्याआधी कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. माझं नाव ऑर्डरवर होतं, ते सगळ्यांनी वाचलं असेल. पण बिस्मिल्लाची गोष्ट माझी, हे जगात फक्त तुला माहीत होतं.

अण्णासाहेब म्हणाले, "बाई, तुमच्याशी आमचं वैर न्हाई. पन आमच्या पोरास्नी तुमी नगं." एका माणसानं वाकून अल्फियाला नाव विचारलं. ती बिचारी छाती काढून पूर्ण नाव सांगायला लागली, बापाच्या नावासकट. सगळे हसले. तिला वाटलं कौतुक करतायत, तिनं परत सांगितलं. मग कुणीतरी तिच्यासारखं बोलून दाखवलं.

तू आतल्या बाजूला उभी होतीस, व्हरांड्यात. निळी साडी. मी तुला दोनदा हाक मारली. तू आत वर्गात गेलीस.

आदमचाचा तेवढे पुढं आले. म्हणाले, "पोरी, चल माझ्याकडं, च्या पी." त्यांच्या घरी चहाला पाणी नव्हतं. शेजारीण देत नाही म्हणाले, पण हसून म्हणाले. त्यांच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

कुणी सांगितलं माझं नाव, साधना?

नसीम

*

चिंचवाडी
१ जुलै २०२५

प्रिय नसीम,

तू माझी जागा डोळ्यासमोर आण. मांडवात सगळं गाव जमलेलं, अण्णासाहेब विचारतायत, सासू रडतेय, नवरा, किशोर, मला म्हणतोय, आमच्या घरात राहून आमच्याच पंगतीत माती कालवलीस. मी काय करायला हवं होतं? म्हटलं, मी नाही, मला माझ्या मैत्रिणीनं लिहून पाठवलं, नसीम मुलाणीनं. एवढंच. खोटं तर नाही ना बोलले? आणि तूच म्हणायचीस, पुढच्या वेळी माझं नाव घे म्हणून. घेतलं.

त्या वेळी मला कुठं ठाऊक होतं, तुझी ऑर्डर इथंच येणार आहे? आणि हाक ऐकली नाही मी. खूप गोंगाट होता.

तूच लिहिलं होतंस, माणसाची नियत बघतात. माझी नियत वाईट नव्हती, देवाशपथ.

आता यातून मार्ग काढायचा. कुलूप निघत नाही, पोरांचं नुकसान होतंय. वरचे साहेबही म्हणतात, बाईंनी स्वतःच लिहून द्यावं की घरगुती अडचणीमुळं मला ही शाळा नको, जुन्याच जागी परत जाऊ द्या. म्हणजे कुणावर बालंट नाही, गावाचं नाव वर्तमानपत्रात येणार नाही, मनीषचं लग्नही मार्गी लागेल. त्याच पाहुण्यांशी गं, ते तयार झालेत. घरगुती अडचण म्हटलं की कुणी काही विचारत नाही. अल्फियाची सवय आहेच ना आजीकडं राहायची.

एवढं कर माझ्यासाठी. झालं-गेलं मी परत कधी काढणार नाही.

तुझी साधना

*

चिंचवाडी
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय नसू,

तू लिहून दिलंस हे साहेबांकडून कळलं. खूप मोठ्या मनाची आहेस, मी सगळ्यांना सांगते. परत डोंगरात नीट पोचलीस ना? कुलूप त्याच दिवशी निघालं. मनीषचं लग्न श्रावणाआधी उरकलं, थाटात झालं.

आदमचाचा गाव सोडून मुलीकडं गेले. जाताना शाळेत येऊन ती जाळीची टोपी परत देऊन गेले. बघ ना, किती प्रामाणिक माणूस. मी ती शैक्षणिक साहित्याच्या कपाटात ठेवलीये, पाठ घेताना कुठल्याही पोराला घालता येते.

आणि आता आनंदाची बातमी. डिसेंबरच्या पाठाचं चित्रीकरण वर गेलं होतं. माझी जिल्ह्याच्या तज्ज्ञ गटात निवड झाली! इस्लामसाठी! आता मी तालुक्यातालुक्यात जाऊन शिक्षकांना शिकवणार. जत्रेचा भाग काढून टाकायला सांगितलाय, त्या जागी दुसरं काहीतरी हवंय. मन दुखणार नाही असं. जरा लवकर लिहून पाठवशील? माझा मुख्य भर तुझ्या त्या नियतवर आहे, ते लोकांना फार आवडतं. त्याच्या पुढचं काहीतरी सांग. तुझ्याशिवाय मला कोण आहे?

मागच्या आठवड्यात मारुंजीच्या बाजारात अल्फिया दिसली, आजीबरोबर. मी ओळख दिली. तिनं आजीच्या पदरात तोंड घातलं. लाजरी आहे हां, तुझ्यावर गेलेली नाही.

तुझीच साधना

*

धडगाव
५ ऑक्टोबर २०२५

साधना,

तुला पुढचं पाहिजे आहे, लिहिते.

अल्फिया लाजरी नाही. सोमवारच्या त्या सकाळपासून तिला कुणी नाव विचारलं की ती बोलत नाही. शाळेत बाई हजेरी घेतात तेव्हाही नाही. रोज गैरहजेरी लागते आणि ती वर्गातच बसलेली असते. दप्तरावरची दोन्ही नावं तिनं स्वतः पुसली, ओल्या फडक्यानं. आजीनं सांगितलं.

नियत तुला फार आवडली. खरं आहे ते, नियत बघतात. पण तेवढंच शिकवलं तर पाठ अर्धा राहतो, आणि चूक माझी की मी अर्धाच लिहून पाठवला. माझे अब्बा दुसरा अर्धा सांगायचे. नमाज चुकली, रोजा चुकला, तर अल्लाकडं माफी मागावी, तो मोठा आहे, करतो माफ. पण माणसानं माणसाचं काही बुडवलं तर ते तो परस्पर माफ करत नाही. तिथं नियत विचारत नाहीत. ज्याचं बुडवलं त्याच्याच दारात जावं लागतं, आणि तो नाही म्हणाला तर तसंच ओझं घेऊन वर जावं लागतं. हजला निघालेली माणसंसुद्धा आधी गावात घरोघर फिरून माफी मागून येतात, ती याच भीतीनं.

हे तुझ्या तज्ज्ञ गटात जरूर शिकव. मन दुखणार नाही असं आहे. शिक्षक उदाहरण मागतील, कारण शिक्षकांना उदाहरण लागतंच. तेव्हा निरीक्षण म्हणू नकोस. माझं नाव घे, पूर्ण घे, अल्फियाचंही घे, आणि त्यांना सांग की ती बाई अजून जिवंत आहे, तिच्या दारात माफी मागायला कुणी आलेलं नाही आणि तिनं माफ केलेलं नाही.

नसीम मुलाणी